तोंड चुकतं, हात चुकत नाही

९ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आलेला कागद न वाचता टाकून देणं तुला जमत नाही हे मला ठाऊक आहे. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठीसुद्धा तू भिंग लावून शेवटपर्यंत वाचतोस. तेव्हा हेही वाचशील. मनातल्या मनात शिव्या देत वाचशील, पण वाचशील.

वहिनीवर रागावू नकोस. मीच तिला खोदून खोदून विचारलं. तुझ्या रक्तातला पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटचा, आकडा सातवरून नऊवर गेला आणि आता बारा झाला म्हणे. आता मला एक सांग, सुया टोचून तपासणी केली आणि ती स्वच्छ निघाली, तर आकडा वर का चढतोय? मी काही डॉक्टर नाही, एकतीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं टाइप करणारी बाई आहे. पण बाबांचाही आकडा असाच चढत गेला होता ना रे?

आमच्या स्कॅनच्या खात्यात सध्या सगळी उलथापालथ चाललीय. मोठे डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरबाई बोलत नाहीत, खुणा करतात. म्हणजे मुक्या नाहीत हं! प्रोस्टेटच्या एमआरआयचा रिपोर्ट आता ठरलेल्या तक्त्यात भरायचा असतो. पडद्यावर त्या ग्रंथीचा नकाशा येतो. डावं, उजवं, पुढचं, मागचं, वरचं, खालचं अशा चौकटी आखलेल्या. डाग दिसेल त्या चौकटीत खूण करायची, तो किती मिलिमीटर आहे ते लिहायचं आणि एक ते पाचमध्ये गुण द्यायचे. एक म्हणजे घरी जाऊन झोपा. पाच म्हणजे झोप उडणार. तीन म्हणजे तळ्यात मळ्यात. एक चौकट रिकामी राहिली तरी तक्ता पुढे सरकत नाही, अडून बसतो. कुठल्याही डॉक्टरने वाचला तरी एकच अर्थ निघावा म्हणून हे सगळं. जन्मभर जमिनी मोजल्यास तू, तुला आवडला असता हा तक्ता. उत्तरेची खूण नसलेला नकाशा तू हातात तरी धरायचास का?

तर, जुने स्कॅनसुद्धा आता या तक्त्यात पुन्हा वाचून घेताहेत. डॉक्टरबाई वाचतात आणि मी जुना कागद शेजारी ठेवून जुळवते. त्यात तुझाही आला. घाबरण्यासारखं विशेष काही नाही. पण एकदा येऊन पुन्हा स्कॅन करून जा. आपल्या दोघांच्या गावांत मिळून हे एकच मशीन आहे, आणि बस थेट दारात थांबते.

येशील ना?

तुझी,
टकळी

२० जानेवारी

दादा,

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात हे! "सुया खाल्ल्या, स्वच्छ निघालं, आता पुरे. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. या वेळी भिजू दे."

वाचून आधी रडले, मग भयंकर राग आला, मग पुन्हा रडले. काय चाललंय माझं मलाच कळत नाही. काल चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि अर्धा कप पिऊन झाल्यावर लक्षात आलं.

बाबांना त्यांच्या कॅन्सरचं मी सांगितलं, हो. तू सगळ्यांना अळीमिळी गुपचिळी करायला लावलं होतंस. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "टकळे, तू तिथे काम करतेस. तू तरी खरं सांग." मी काय करायला हवं होतं? दोन महिन्यांत ते गेले, आणि तू दारात उभं राहून म्हणालास, "रोगाने नाही गेले. तुझ्या जिभेने गेले. उद्या मला काही झालं तर मला सांगायला येऊ नकोस." तेव्हापासून मी गप्प आहे. टकळी गप्प आहे, दादा! लोक विचारतात, तब्येत बरी नाही का म्हणून.

पण आता गप्प बसायची सोय राहिली नाही. तुझ्या चौदा महिन्यांपूर्वीच्या स्कॅनला डॉक्टरबाईंनी नव्या तक्त्यात चार गुण दिले आहेत. वहिनीला फोनवर सांगितलं तर ती बिचारी म्हणाली, "पाचपैकी चार? मग चांगलंच की!" अगं बाई, इथे नापास होणारा सुखी असतो. चार म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता बरीच. डाग बारा मिलिमीटरचा आहे.

तू म्हणशील, मग सुयांत काही का नाही आलं? त्याचं असं आहे की डाग पुढच्या भागात आहे. नेहमीच्या सुया मागून जातात, त्या पुढपर्यंत पोचतीलच असं नाही. म्हणून सर्जन रिपोर्ट वाचून डागाच्या जागी दोनचार सुया जास्त टोचतात. तुझ्या सर्जनने त्या टोचल्याही. पण उजवीकडे. रिपोर्टात तसं लिहिलं होतं. आणि डाग आहे डावीकडे.

तर अशी बाजूची गडबड झाली. मोठे डॉक्टर बोलताना डावं-उजवं करायचे, हे सगळ्या खात्याला माहीत होतं. कोणी टाइप केला वगैरे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तुझ्या डाव्या बाजूला अजून कोणी हातच लावलेला नाही.

डॉक्टरबाईंनी तुला दोनदा फोन केला. तू "माझ्या बहिणीला सांगा, नाटकं बंद कर" म्हणून ठेवून दिलास. त्या मला म्हणाल्या, "पत्रही पाठवतेय मी. पण तुमचे भाऊ आहेत ना? तुम्ही सांगा." मी म्हटलं, "मी सांगितलं तर हमखास येणार नाहीत."

ये रे. माझ्याशी बोलू नकोस, पण ये.

टकळी

२ फेब्रुवारी

दादा,

आज मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. का गेले? खरं सांगायचं तर ते "हो, मीच चुकलो" म्हणतील आणि मी सुटेन म्हणून गेले. चोराच्या मनात चांदणं.

तुला आधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खात्याबाहेर ती कोणालाच माहीत नाही. स्कॅनच्या चित्रात माणूस आपल्यासमोर उभा असल्यासारखा दिसतो. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून त्यामुळे डाव्याचं उजवं व्हायचं, विशेषतः दुपारी. पण एक होतं. बोलता बोलता ते स्वतःच्या मांडीवर थाप मारायचे. डाग रुग्णाच्या डावीकडे असेल तर डाव्या हाताने डाव्या मांडीवर, उजवीकडे असेल तर उजव्या हाताने उजव्या. आणि तो हात कधी चुकायचा नाही! त्यांच्या हाताखाली आले त्या पहिल्या वर्षी मी दोनदा विचारलं, "डॉक्टर, डावी म्हणालात, हात उजवा आहे." दोन्ही वेळा चित्र बघून हसले आणि म्हणाले, "हाताचं ऐक. तोंड चुकतं, हात चुकत नाही." पुढे मी विचारायचंच सोडलं. तोंड एक म्हणालं आणि हात दुसरं, तर हाताचं टाइप करायचं. वीस वर्षं असंच चाललं. ते खाली सही करायचे, वाचून करायचे की नाही देव जाणे. याला मी कौशल्य समजत होते. नव्या मुलींना ऐटीत सांगायची, "ऐकून कोणीही टाइप करेल गं, बघून टाइप करता आलं पाहिजे."

हो. तुझा रिपोर्ट मी टाइप केला. गेल्या पत्रात लपवलं. कागदाखाली माझ्या नावाची अक्षरं आहेत, तू भिंग लावून केव्हाच पाहिली असशील.

पण मी बदल केला का, हेच आठवत नाही, दादा! तू त्या दिवशी बाकावर पाठ करून बसला होतास, हे आठवतं. तुझा करड्या रंगाचा स्वेटर आठवतो, कोपरावर विरलेला. दादाचा रिपोर्ट माझ्याच हातून जातोय म्हणून मला किती बरं वाटलं होतं तेही आठवतं. डॉक्टर काय बोलले ते मात्र नाही. आवाजाच्या फिती तीन महिन्यांनी पुसतात. ते डावी म्हणाले आणि मी उजवी केलं? की ते उजवीच म्हणाले आणि हातानेही पहिल्यांदाच दगा दिला? डोकं नुसतं भंजाळलंय.

मोठे डॉक्टर आता पुष्कळ विसरतात. मी कागद दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिला आणि म्हणाले, "मीच चुकलो असणार. सही माझी आहे. तू कशाला जिवाला लावून घेतेस?" इतक्या मायेने म्हणाले की मला सुटल्यासारखं वाटलं. आणि जिन्याच्या चार पायऱ्या उतरले नाही तोच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना आठवत नाही म्हणून ते घेतील माझं पाप अंगावर, आणि मी देईन?

तू अजून फोन उचलत नाहीस. डॉक्टरबाईंचं पत्र तरी पोचलं का?

टकळी

५ फेब्रुवारी

दादा,

आठवलं.

परवा मी पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे गेले, चूक अंगावर घेऊ नका म्हणून सांगायला, आणि निघताना त्यांच्या बायकोने फाटकापाशी थांबवलं. "यांचं आता असंच चालायचं," म्हणाल्या. "आधी तो खांदा धरला, सहा आठवडे हात गळ्यात बांधून हिंडले. रजा घ्या म्हटलं तर ऐकतील तर शपथ. तिथून जी तब्येत उतरली ती उतरलीच." मी हो हो म्हणत बसथांब्यापर्यंत आले. आणि बस समोरून निघून गेली तरी मी तिथेच उभी.

कुठला हात?

परत गेले. त्या फाटकापाशीच कपडे वाळत घालत होत्या. "कुठला हात हो बांधला होता?" म्हणाल्या, "डावा." "आणि कधी?" "मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरच्या मध्यापासून. नोव्हेंबरअखेर पट्टा सुटला." तुझा स्कॅन त्याच वर्षीच्या सोळा नोव्हेंबरचा.

मग सगळं चित्रासारखं समोर आलं. डॉक्टर खुर्चीत, डावा हात निळ्या पट्ट्यात गळ्याशी. ते म्हणाले, "डावी बाजू, पुढचा भाग." स्पष्ट म्हणाले, दादा. आणि सवयीने थाप मारली. मोकळा हात एकच होता, तो उजवा. तो उजव्या मांडीवरच पडणार ना! मी हसले होते मनात. म्हटलं, म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा चुकलं. आणि "उजवी" टाइप केलं.

त्या दिवशी तोंड बरोबर होतं. हात बांधलेला होता, आणि रोज त्या पट्ट्याकडे बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. विचारायला एक वाक्य लागलं असतं. "डॉक्टर, नक्की डावी ना?" जगभरची बडबड करणाऱ्या टकळीला ते एक वाक्य बोलवलं नाही. आणि ते कोणाच्या रिपोर्टात? तर तुझ्या.

मी डॉक्टरबाईंना सगळं लेखी दिलंय. त्या सहा आठवड्यांतले सगळे रिपोर्ट आता बाहेर काढून तपासताहेत, आधी प्रोस्टेटचे. त्या ओरडल्या नाहीत. कागद वाचून म्हणाल्या, "एवढ्यासाठीच तर तक्ता आला." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तू मला जिभेचं बोललास ते कमी पडेल. बाबांना मी खरं सांगून मारलं असं तुला वाटतं. मला ते कधी पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण तुझ्या बाबतीत मी खोटं लिहिलं. मुद्दाम नाही. पण लिहिलं. तुझे चौदा महिने माझ्या हातून गेले. माफी माग म्हणालास तर मागेन. पण ती तू जिवंत राहून नाकार. एवढंच मागते.

स्वच्छ निघालं म्हणून तू घरी बसला आहेस, आणि ते स्वच्छ माझ्यामुळे निघालं. डाग डावीकडे आहे, दादा. पुढे. डावीकडे.

तुझी बहीण

१९ फेब्रुवारी

दादा,

काल तू आलास. तोच स्वेटर, कोपराला आता ठिगळ आहे. वहिनीने हात हलवला. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, पण पाठही केली नाहीस, भिंतीवरची सूचना वाचत बसलास. "धातूच्या वस्तू काढून ठेवाव्यात." ती तीन ओळींची सूचना तू वीस मिनिटं वाचत होतास.

तुझं नाव पुकारल्यावर तू घड्याळ काढून वहिनीच्या हातात दिलंस आणि आत गेलास. मी माझ्या टेबलाशी बसून राहिले. टाइप करायला काही नव्हतं. पलीकडच्या काचेतून डॉक्टरबाई पडद्यासमोर दिसत होत्या. त्यांनी नकाशावर खूण केली, खाडकन नाही, दोनदा चित्र पुढे-मागे करून. मग मला आत बोलावलं. म्हणाल्या, "नातेवाईक म्हणून नाही सांगत, त्यांनी फॉर्मवर लिहून दिलंय तुम्हाला सांगायला." तू लिहून दिलंस? खरंच? की वहिनीने लिहिलं आणि तू नुसती सही केलीस? मला काही उमगत नाही.

डाग आता सोळा मिलिमीटरचा झालाय. पंधरापर्यंत पोचला की चाराचे पाच होतात. पैकीच्या पैकी, दादा. वहिनीला समजावून सांगशील ना तू, नाहीतर ती पुन्हा खूश व्हायची.

चार मिलिमीटर वाढला. मी पट्टी घेऊन कागदावर रेघ मारून पाहिली. एवढीशी रेघ. ते चार माझे.

आता तुमच्या सर्जनकडे नकाशासकट रिपोर्ट गेला आहे. या वेळी सुया कुठे टोचायच्या हे त्यांना कोणाच्या मांडीवरून ओळखायला नको.

टकळी

१४ मार्च

दादा,

तुझं पाकीट मिळालं. आत दुसरं पाकीट, चिकटवलेलं, न उघडलेलं, आणि वर तुझी चिठ्ठी: "सुयांचा रिपोर्ट आलाय. मी उघडलेला नाही, तुझ्या वहिनीलाही उघडू दिला नाही. तू वाच आणि मला सांग. काही गाळू नकोस. बाबांना सांगितलंस तसं सांग."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मिळालं. डबा तसाच ठेवला. "बाबांना सांगितलंस तसं." हे किती वेळा वाचलं सांगू? यात टोमणा कुठे आहे म्हणून शोधत होते. सापडला नाही. अर्धा तास स्वच्छतागृहात जाऊन रडले, मग तोंड धुऊन पाकीट उघडलं. डॉक्टरबाईंना शेजारी बसवलं. एकटीच्या डोळ्यांवर माझा आता विश्वास नाही. त्यांनी वाचलं, मी वाचलं, मग मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

सांगते. बसून वाच.

कॅन्सर आहे. उजवीकडच्या सगळ्या सुया स्वच्छ आहेत. डावीकडे पुढे टोचलेल्या चारपैकी तीन सुयांत सापडला. जात मधली आहे, अगदी गरीब नाही आणि सगळ्यांत वाईटही नाही. स्कॅनमध्ये तो ग्रंथीच्या आतच दिसतो, वेस ओलांडल्याची खूण नाही, सोबत जोडलेल्या हाडांच्या स्कॅनच्या कागदातही काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, बरा करण्याच्या हेतूने उपचार करता येतील. शस्त्रक्रिया किंवा किरण, ते तू आणि सर्जन मिळून ठरवा. मी विचारलं, पहिल्याच स्कॅनच्या वेळी सापडला असता तर? त्या म्हणाल्या, "तेव्हा कदाचित सोपं गेलं असतं. कदाचित काहीच फरक पडला नसता. मला माहीत नाही, आणि कोणालाच ते सांगता येणार नाही." तू गाळू नकोस म्हणालास, म्हणून हेही लिहिलं. हे न कळणं आता माझ्याबरोबर राहणार. तुझ्याबरोबर राहू नये असं वाटतं.

बाबांना मी अगदी असंच सांगितलं होतं, खाटेच्या कडेला बसून. तू कधी विचारलं नाहीस म्हणून आज सांगते. सगळं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं झालं, आता अंदाज करत बसायला नको." मग मला म्हणाले, "दादाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तो घाबरट आहे." त्यांनी सांगितलेलं तेवढं एक माझ्या तोंडात भिजलं, सहा वर्षं. पण तुला कळलंच, कारण त्यांनी जेवण सोडलं आणि तू माझ्याकडे पाहिलंस.

शनिवारच्या पहिल्या बसने येते. मूळ कागद घेऊनच येते, पोस्टावर टाकणार नाही. हे पत्र आधी पोचेल.

आणि हे लिहिताना मी तीनदा तपासलं. चित्रातली नाही, माझी नाही, मोठ्या डॉक्टरांच्या मांडीची नाही. तुझी डावी. ज्या हातातलं घड्याळ काढून तू त्या दिवशी वहिनीला दिलंस, त्या बाजूची.

दार उघड.

टकळी